बसकी गाडी आणि धरलेली कंबर : कुठला टेकू घ्यावा, कुठला परत करावा

स्पोर्ट्स कारमध्ये कंबर धरायला लागली की बहुतेक जण फोन उघडून सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत मऊ उशी मागवतात. ती उशी मुळात ऑफिसच्या खुर्चीसाठी केलेली असते. बसक्या गाडीच्या खोलगट सीटमध्ये ती लावली की दुखणं कमी न होता जागा बदलतं : कंबरेऐवजी मांड्या भरून येतात, खांदे पुढे येतात, मान आखडते. म्हणून आमचं मत आधीच सांगून टाकतो. पोर्शे ७१८, बीएमडब्ल्यू झेड४, मस्टँग अशा गाड्यांत जाड उशीला जागाच नाही. कमी-जास्त करता येणारा हवेचा बारीक टेकू उपयोगी पडतो. गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर सीटचं आतून काम करून घेणं सगळ्यांत चांगलं. वडोदऱ्यात ते काम करणारे हात आहेत. फक्त त्यांना काय सांगायचं आणि कुठे थांबवायचं, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

आधी दुखतं का ते बघू, कारण उशीची निवड त्यावरच ठरते. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तसल्या गाड्यांत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो, गुडघे काटकोनात, पाय खाली सोडलेले. स्पोर्ट्स कारमध्ये याच्या उलट. बैठक जमिनीला लागलेली, पाय पुढे लांब केलेले आणि खुबे गुडघ्यांपेक्षा खाली. अशा बसण्यात मांडीमागचे स्नायू ताणले जातात. त्यांचं एक टोक बसण्याच्या हाडाला धरलेलं असतं, त्यामुळे ते कमरेखालचं हाडांचं कडं मागच्या बाजूला ओढतात. कडं मागे कललं की कंबरेतला नैसर्गिक बाक सपाट होतो, आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर पुढच्या बाजूने दाब येतो. म्हणजे दुखणं कंबरेत जाणवलं तरी त्याचं मूळ बुडाखाली असतं. नुसती कंबरेत उशी खुपसून भागत नाही ते यामुळेच. खालचं कडं मागे कललेलंच राहिलं आणि वरून उशीने पुढे रेटलं, तर माणूस सीटवरून पुढे घसरतो, इतकंच.

यात हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनाला सगळ्यांत जास्त साथ देतो. कडक स्प्रिंग, पातळ टायर आणि त्यावर मालकाने हौसेने बसवलेली लोअरिंग किट (गाडी आणखी खाली बसवणारे भाग) असली की वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या खड्ड्यापासून गोल्डन चोकडीच्या जोडरस्त्यापर्यंतचा प्रत्येक ठोका सरळ माकडहाडापर्यंत येतो. उशीवर पैसे घालण्याआधी टायरमधली हवा गाडी थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. पंपावरचा मुलगा सवयीने दोन-चार पीएसआय जास्त भरतो आणि पातळ टायरला तेवढी वाढही जाणवते. डॅम्परला (हादरे शोषणाऱ्या शॉकअॅब्सॉर्बरला) मोड असतील तर शहरात ‘कम्फर्ट’वर ठेवा. याला पैसा लागत नाही, आणि कित्येक उश्यांपेक्षा फरक मोठा पडतो.

उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या आपल्याकडच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. पुढच्या उजव्या चाकाची कमान चालकाच्या पायापाशी आत घुसते, म्हणून पेडल मधल्या बोगद्याकडे, म्हणजे डावीकडे सरकवलेले असतात. धड सरळ आणि पाय डावीकडे, असं दोन तास बसलं की कंबर एका बाजूनेच धरते. यावर कुठल्याही उशीचा इलाज नाही. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय मोकळा लोंबत न ठेवता डाव्या टोकाच्या फूटरेस्टवर पक्का टेकवायचा आणि त्याने बूड मागे रेटून ठेवायचं. एवढ्याने कंबरेतला पीळ बराच सुटतो.

विकत घेण्याआधी सीट नीट लावा

आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. एका बुडाखाली दीड सेंटिमीटरचं पाकीट म्हणजे कण्याला कायमचा कल. मग बूड सीटच्या खोबणीत शक्य तेवढं मागे न्या : दोन्ही हात सीटच्या कडांवर टेकवून अंग जरा उचला आणि मागे सरकून बसा. नुसतं आत घसरून बसलं तर कमरेमागे चार बोटं जागा राहते, आणि तीच जागा भरायला लोक उशी आणतात.

त्यानंतर उंची. डोकं आणि छत यांत चार बोटं राहतील इतकी सीट वर घ्या. स्पोर्ट्स कार आहे म्हणून जमिनीलाच बसलं पाहिजे असा काही नियम नाही. खुबे दोन सेंटिमीटर वर आले तरी मांडीमागचा ताण सुटतो. सीटच्या पुढच्या टोकाचा कल बदलता येत असेल तर ते टोक थोडं खाली घ्या. मग अंतर : क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे. सीटची पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवा. स्वीडनमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत मणक्याच्या गादीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला गेला. आल्फ नाखेमसन हे त्यातलं ठळक नाव. त्या मापनांत पाठ थोडी मागे कलवली आणि कमरेला आधार दिला की गादीवरचा दाब उतरताना दिसला. मात्र त्या प्रयोगात समोर स्टिअरिंग आणि रस्ता नव्हता. गाडीत पाठ फार मागे टाकली की मान पुढे काढून बघावं लागतं आणि खांदे सीट सोडतात.

शेवटी स्टिअरिंग आपल्याकडे ओढा : पाठ न सोडता मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि छातीच्या हाडापासून चाकाच्या मध्यापर्यंत किमान २५ सें.मी. अंतर उरलं पाहिजे. ते एअरबॅगसाठी लागतं. गाडीत लंबार (सीटमध्येच बसवलेला कमरेचा आधार) असेल तर सगळ्यांत शेवटी, अगदी कमीवरून सुरुवात करून वाढवा. पोर्शेच्या १४ बाजूंनी हलणाऱ्या सीटमध्ये लंबार चार दिशांना सरकतं. साध्या सीटमध्ये ते नसतं. जुनी गाडी घेताना हा पर्याय आहे का ते आधी विचारा. नंतर तो बसवणं पहिल्यापासून घेण्यापेक्षा किती तरी महाग पडतं.

इतकं करून आठवडाभर चालवा. दुखणं अर्ध्यावर आलं, तर खालचं बरंचसं विकत घ्यायची गरज उरणार नाही.

मेमरी फोमची उशी

किंमत साधारण ७०० ते १,५०० रुपये, मिळायला सोपी, आणि बसक्या गाडीसाठी या सगळ्यांत वाईट निवड. जाडी १० ते १२ सें.मी. असते आणि अंगाखाली दबून ती ६-७ सें.मी. उरते. म्हणजे आपण तितके पुढे येतो. पुढे आलो की मांडीखालचा आधार बदलतो, खांदे सीटच्या बाजूच्या पंखांतून (धड धरून ठेवणाऱ्या उंचवट्यांतून) बाहेर येतात आणि डोकं हेडरेस्टपासून तुटतं. मागून धक्का बसला तर मान वाचवणारी वस्तू म्हणजे हेडरेस्ट, आणि ती डोक्यामागे दोन-तीन बोटांतच हवी. सीटबेल्टच्या पट्ट्याचा खालचा भागही खुब्याच्या हाडावरून सरकून पोटावर चढतो.

फोमचा आणखी एक दोष आपल्या हवेत लगेच उघडा पडतो. मेमरी फोमची मऊ-कडकता तापमानावर चालते. मे महिन्यात अलकापुरीत उन्हात दोन तास उभ्या राहिलेल्या बंद गाडीत तो लोण्यासारखा मऊ पडतो आणि आधार उरत नाही. जानेवारीच्या पहाटे अहमदाबादला निघालात तर पहिले पंधरा मिनिटं तो लाकडासारखा टणक लागतो. म्हणजे एकाच उशीचे दोन स्वभाव, आणि त्यातला आपल्याला हवा तो वेळेवर मिळत नाही.

घ्यायचीच असेल तर ४ सें.मी.पेक्षा जाड नको, रुंदी ३० सें.मी.च्या आत, आणि पाठीमागे घसरू नये अशी रबरी ठिपक्यांची बाजू असावी. हेडरेस्ट एकजीव असलेल्या सीटला पट्टा अडकवायला दांडे नसतात हेही लक्षात घ्या. अशा सीटवर पट्ट्याची उशी दुसऱ्या वळणालाच बाजूला जाते.

तारेच्या चौकटीवरची जाळी आणि मण्यांचं कव्हर यांवर फार शब्द नकोत. मण्यांनी पाठीला हवा लागते, आधार मिळत नाही. जाळीची तार कोपऱ्यात घासून चामडं कापते.

हवेचा टेकू

बाहेरून लावायच्या वस्तूंत आम्ही याच्या बाजूने आहोत. हातपंपाचा रबरी गोळा, नळी, सोडायचं बटण आणि कापडात शिवलेली हवेची पिशवी, एवढाच सगळा कारभार. रिकामी असताना जाडी जेमतेम एक सेंटिमीटर, भरल्यावर ५-६. बसक्या गाडीत बहुतेकांना २ ते ३ सें.मी. पुरतात. मोठा फायदा असा की प्रवासातच ती बदलता येते. शहरात थोडी सैल ठेवायची, महामार्गावर पंपाचे दोन दाब द्यायचे, तासाभराने एक दाब सोडायचा. एकाच जागी एकसारखा दाब राहण्यापेक्षा तो अधूनमधून बदलला की स्नायू कमी थकतात.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. रुंदी २५ ते ३० सें.मी. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. बाजारातल्या बऱ्याच पिशव्या ४० सें.मी. रुंद असतात. त्यांच्या कडा सीटच्या पंखांवर चढतात, मध्ये पोकळी राहते आणि पाठ पुलावर टेकल्यासारखी होते. टेपने आधी आपल्या सीटच्या दोन पंखांमधलं अंतर मोजा, त्यातून ३ सें.मी. वजा करा, आणि तेवढीच रुंदी घ्या. पिशवी पीव्हीसी प्लास्टिकपेक्षा टीपीयू या लवचिक प्लास्टिकची असलेली बरी. पीव्हीसी उन्हात कडक होऊन घडीवर चिरते. पुढच्या बाजूला एक सेंटिमीटरचा फोमचा थर असला पाहिजे, नाहीतर वळणावर कंबर पाण्याच्या पिशवीवर ठेवल्यासारखी डोलते. नळी दाराच्या बाजूला न येता मधल्या बोगद्याच्या बाजूला येईल अशी लावता येते का तेही बघा.

लावण्याची जागा बहुतेकांची चुकते. टेकू पाठीच्या मध्यावर नाही, कमरपट्ट्याच्या ओळीवर आणि जरा वर हवा : दबलेल्या बैठकीपासून मध्य साधारण १५ ते २० सें.मी. उंचीवर. खुब्याच्या हाडाची वरची कड हाताने चाचपा, टेकूचा फुगीर भाग तिच्या बरोबरीने किंवा दोन बोटं वर यावा. बरगड्यांना लागत असेल तर फार वर आहे. बसल्यावर बूड पुढे सरकत असेल तर फार खाली आहे किंवा हवा जास्त आहे.

हवा भरताना आधी पिशवी अर्धी भरा, बूड मागे नेऊन बसा, आणि मग बटण दाबून हळूहळू सोडत या. ‘काहीतरी टोचतंय’ हे जाणवेनासं झालं की थांबा. आधार जाणवत राहिला तर तो जास्तच आहे.

हिच्यात बिघाड होतो तो दोनच जागी. एक, वेल्ड केलेली कड. भर उन्हात गाडी उभी करताना पिशवी गच्च भरलेली ठेवली, आतली हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की दाब सुमारे एक दशांशाने वाढतो आणि सगळा जोर कडेवर येतो. उतरताना बटण दाबून हवा काढून टाकायची, ही सवय लावून घ्या. दोन, झडप. तिथे कापडाचा धागा किंवा धूळ अडकली की हवा तासाभरात उतरते. घेतल्या दिवशीच पिशवी पूर्ण भरून वर दोन जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी बसली असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधत बसू नका, सरळ परत करा. पाठीला लागलेली वस्तू परत घ्यायला कित्येक विक्रेते नाही म्हणतात, म्हणून ही चाचणी बाहेरचं प्लास्टिक जपून ठेवून करायची.

गाडीला सीटच्या पंखात बसवलेली साइड एअरबॅग असेल तर टेकूचा पट्टा त्या पंखावरून नेऊ नका. सीटच्या पाठीला पूर्ण वेढणारी कव्हरंही तिथे नकोत. एअरबॅग त्या शिवणीतून फाटून बाहेर येते, आणि वाटेत काही आलं तर ती उशिरा किंवा वाकडी उघडते.

पाचरीची बैठक

मागे जाड आणि पुढे पातळ अशी ही पाचर खुबे वर उचलते, म्हणून कल्पना योग्य आहे. बाजारातली मापं मात्र बसक्या गाडीला सोसत नाहीत. मागची जाडी ५-६ सें.मी. असते, इतकं उचललं की पावणेसहा फुटी माणसाचं डोकं छताला लागतं आणि नजर विंडशील्डच्या वरच्या पट्टीत जाते. शिवाय बैठकीचा मूळ कल माणसाला अपघातात पट्ट्याखालून घसरू न देण्यासाठी ठेवलेला असतो. जाड, मऊ पाचर तो कल मोडते. म्हणून मागे २ ते ३ सें.मी., तेही घट्ट फोमचं, याच्या वर जाऊ नका. फोम तळहातावर ठेवून अंगठा जोरात दाबून बघा. खालचा हात लागला तर तो फोम महिन्यात चपटा होणार. जेलचा थर नको, उन्हात तापलेलं जेल लवकर निवत नाही. माकडहाडासाठी मागे खाच असलेली पाचर ज्यांचं माकडहाडच दुखतं त्यांना खरंच उपयोगी पडते, इतरांना तिची गरज नाही.

एमजीच्या सायबरस्टरसारख्या विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असल्याने बैठक इतर दोन-आसनी गाड्यांच्या मानाने उंच वाटते. तिथे पाचर घेण्याआधी डोक्यावरची जागा दोनदा मोजा.

कोणी यातलं काहीच घेऊ नये

कळ कंबरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, अंगठा वर उचलताना जोर कमी पडत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खरेदी नंतर. दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला सयाजी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. हे थांबायचं दुखणं नव्हे.

आणखी एक गट आहे, त्यांना सहसा कोणी सांगत नाही. साठीच्या पुढच्या ज्या माणसांना उभं राहून किंवा चालून पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांच्या मणक्यातली नळी अरुंद झालेली असू शकते. कंबरेत बाक वाढवणारा टेकू त्यांचं दुखणं वाढवतो. मणका पुढे सरकलेला असेल तर तेच. घरातल्या काका-आजोबांना आपल्याला बरा वाटलेला टेकू प्रेमाने देण्याआधी हे विचारून घ्या.

सीटचं काम

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. चांगला कुशनवाला सीट उघडून आतला फोम आपल्या अंगाप्रमाणे करून देतो, आणि हवेची पिशवी कव्हरच्या आत बसवतो. बाहेरून काही दिसत नाही, काही सरकत नाही, आणि बसायची जागा सेंटिमीटरनेही पुढे येत नाही. वॉरंटीतली गाडी मात्र उघडू नका, किंवा आधी शोरूमकडून लेखी घ्या. सीटमधून थंड हवा येत असेल तर बैठकीचा फोम बदलू नका, हवेचे मार्ग बंद होतात.

सीट काढण्याचं काम कुशनवाल्याकडे न देता गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे द्यावं. इग्निशन बंद, बॅटरीची ऋण तार सोडलेली, आणि किमान १० मिनिटं थांबलेलं, मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर काढायचा. तो एअरबॅगचा असतो. तो सुटलेला असताना कोणी नुसती चावी फिरवली तरी एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. सीटला सहसा चारच बोल्ट असतात, पण परत बसवताना ते नुसते ‘घट्ट’ न करता कंपनीने दिलेल्या टॉर्कने (पान्याच्या मोजलेल्या जोराने) आवळायला सांगा. सीट आणि पट्टा दोन्ही त्यांच्यावर आहेत.

सीट काढण्याआधी मालकाने तिच्यावर बसून मास्किंग टेपने तीन खुणा करायच्या : बसण्याची दोन हाडं जिथे टेकतात ती ओळ, कमरपट्ट्याची ओळ, आणि गुडघ्यामागे सीट संपते ती जागा. या खुणांशिवाय कारागीर अंदाजाने काम करतो, आणि त्याचा अंदाज नेहमीच्या उंच गाडीचा असतो.

फोममध्ये नेमकं काय करायचं ते उंचीवर ठरतं. डोक्यावर जागा असेल तर बैठकीच्या मागच्या अर्ध्यात, टेपच्या ओळीपासून मागे, दीड ते दोन सेंटिमीटर घट्ट रीबॉन्ड फोम (फोमचे तुकडे दाबून केलेला) घालायचा. डोक्यावर जागा नसेल तर मागे हात लावायचा नाही. मांडीखालच्या पुढच्या उंचवट्यातून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर छिलायचं, म्हणजे गुडघे खाली येतात आणि तोच कोन मिळतो. त्याहून जास्त छिललं तर मांडी लोंबते.

तिसरी गोष्ट छोटी, पण आम्ही सगळ्यांत आधी करायला सांगतो ती हीच. सीटच्या पाठीचा अगदी तळचा भाग, बैठकीला मिळतो तिथे, १० ते १२ सें.मी. उंचीपर्यंत एक सेंटिमीटर छिला. बऱ्याच स्पोर्ट्स सीटमध्ये इथे फोम फुगीर असतो आणि तो बुडाला पुढे ढकलतो. एवढी खाच मिळाली की कमरेखालचं कडं मागे टेकतं आणि सरळ उभं राहतं. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं, हवेची पिशवी घालावीही लागत नाही.

पिशवी घालायचीच असेल तर फोम आणि कव्हर यांच्यामध्ये नको, फोमच्या मागे, तारांच्या जाळीपुढे. पुढे घातली तर तिच्या कडा पाठीला कळतात, कव्हरला सुरकुत्या पडतात आणि ऊनही तिलाच लागतं. मागे घातली की दाब फोममधून पसरून येतो. तिच्या पाठीमागे दोन-तीन मिलिमीटरची प्लास्टिकची शीट हवी, नाहीतर भरलेली हवा पुढे येण्याऐवजी तारांतून मागेच फुगते. हा तोटा हमखास होतो, आणि मग मालक म्हणतो की पंप मारून काही जाणवतच नाही. नळी बोगद्याच्या बाजूने खाली, रुळाच्या हलत्या भागात न येता, आणि रबरी गोळा बैठकीच्या पुढच्या कोपऱ्याशी.

बैठकीसाठी फोम किमान ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो), एचआर म्हणजे दाबल्यावर चटकन उसळणाऱ्या जातीचा घ्या. दुकानदार ३२ डेन्सिटी स्वस्त म्हणून पुढे करतो, तो घरच्या सोफ्याला ठीक आहे. हादऱ्याच्या गाडीत काही महिन्यांत बसतो. नव्या तुकड्याच्या कडा तिरप्या तासून शून्यावर आणायच्या. चिकटवायचं द्रव्य दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग जोडायचं, आणि कडेची दोन सेंटिमीटर पट्टी कोरडी सोडायची. कडेपर्यंत लावलं की तिथे वाळून कडक रेघ होते, आणि लांबच्या प्रवासात तीच मांडीत रुतते. कव्हर चढवण्याआधी फोम रात्रभर उघडा ठेवायला सांगा, नाहीतर बंद गाडीत त्या द्रव्याचा वास दिवसेंदिवस डोकं धरतो.

आणि मनाई कशाला, हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगायचं : ‘काका, साइडच्या पंखांचा फोम कमी करायचा नाही, आणि एअरबॅगच्या बाजूची शिवण उसवायची नाही.’ पंख छिलले की सीट ऐसपैस वाटते, म्हणून कारागीर ते आपणहून करायला जातो. मग वळणावर धड धरून ठेवायला कंबरेच्या स्नायूंनाच राबावं लागतं आणि दुखणं परत येतं. एअरबॅगच्या बाजूची शिवण ठरावीक ताकदीला तुटेल अशा दोऱ्याची असते. ती साध्या जाड नायलॉनने परत शिवली तर वेळेला फाटणार नाही. शेजारच्या सीटच्या बैठकीत माणूस बसल्याचं ओळखणारी चटई असते. तिच्यावर फोम वाढवायचा नाही आणि तिला टाचणीही लागू द्यायची नाही.

शर्यतीच्या धर्तीची बादली-सीट बाहेरून आणून बसवण्याचा सल्ला काही जण देतात. तिच्याबरोबर मूळची साइड एअरबॅग जाते, दिवा कायमचा लागतो, विम्याचा प्रश्न उभा राहतो. कंबरेसाठी म्हणून तर नकोच.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी सीटवर सलग अर्धा तास बसा, गाडी उभीच असली तरी चालेल. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक सीट छान वाटते. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून नळी दबत नाही ना, पट्ट्याचं कुलूप वर राहतं ना, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो ना, हे बघा. नंतर पहिला लांब प्रवास एक्सप्रेसवेवरचा करा. अहमदाबादपर्यंतचे ९३ किलोमीटर बरे, कारण आणंद आणि नडियादला बाहेर पडता येतं. तासाभरात बाहेर पडून उतरा. उतरताना दोन्ही गुडघे एकत्र ठेवून पूर्ण अंग दाराकडे फिरवायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, आणि मग उंबऱ्यावर हात रेटून उठायचं. एक पाय बाहेर आणि धड आत, अशा वळलेल्या स्थितीत उठताना उसण भरते. उभं राहिल्यावर कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हळू मागे वाका, दोन मिनिटं चाला, आणि मगच डिकीतली बॅग उचला. तासभर दबून बसलेल्या मणक्यांना वाकून वजन उचलणं लगेच सोसत नाही.

दोन-तीन आठवड्यांत नवा फोम अर्धा सेंटिमीटर बसतो. तेव्हा हवा पंपाच्या एखाद्या दाबाने वाढवावी लागते. त्याहून जास्त बसला, तर फोम सांगितलेल्या डेन्सिटीचा नव्हता असं समजा. म्हणूनच फोमचा हातभर तुकडा आणि बिलावर लिहिलेली डेन्सिटी, दोन्ही कामाच्या दिवशीच घेऊन ठेवा.